खुर्च्या, कपाटं आणि एक पांढरं अस्वल

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच फर्निचरबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला दुसरा विषयच घेतलेला नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची सांगलीची. पॅरिसला लागूनच मॉन्त्रेय नावाचं गाव आहे, तिथे माझी खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायची छोटी कार्यशाळा आहे. संग्रहालयात लोक खुर्ची वरून बघतात, मी ती बहुतेक वेळा उलटी करून बघते. उत्तरंही त्याच बाजूने येतील.

ताई, जाँ रॉयेर नावाच्या माणसाचा एक गुबगुबीत पांढरा कोच लिलावात कोट्यवधींना गेल्याचं वाचलं. फोटो पाहून घरातले सगळे हसले. आमच्या गादीवाल्याने याहून बरा शिवला असता. यात एवढं आहे तरी काय?
*एक वाचक, नाशिक*

हसलात ते योग्यच. रॉयेरच्या कामात थट्टा आहेच. त्या कोचाला इथेही ‘ध्रुवीय अस्वल’ म्हणतात. १९४७ चं काम. आत लाकडी सांगाडा आहे, पण तो कुठेही दिसत नाही. बाहेरून सगळं गोल आणि लोकरी मखमलीत गुंडाळलेलं. गादीवाल्याबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमणार नाही. सपाट फळीवर कापड ताणणं सोपं असतं. दोन्ही दिशांना वळणाऱ्या अंगावर सुरकुती न पडता मखमल बसवायची आणि तिची लव सगळीकडे एकाच बाजूला पडली पाहिजे, हे फार थोड्या हातांना साधतं. माझ्या हातांना साधत नाही, असलं काम आलं की मी ते शेजारच्या म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवते.

साल मात्र पुन्हा एकदा वाचा. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये पावसुद्धा रेशनवर मिळत होता. तशा दिवसांत हा गृहस्थ अस्वल घडवत बसला होता! रॉयेर आधी व्यापारी कचेरीत नोकरीला होता. तिशीच्या सुमारास नोकरी सोडून तो पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान या सुतारांच्या वस्तीत काम शिकायला गेला. पुढे कैरो, बैरुत, तेहरान इथे त्याच्या कचेऱ्या झाल्या, इराणचे शहा त्याचे गिऱ्हाईक होते. त्याचं बरंचसं काम एकेका घराच्या मागणीप्रमाणे झालेलं, म्हणून नग थोडे आहेत, आणि आता त्या थोड्या नगांमागे फार पैसेवाली माणसं लागली आहेत. किमतीला याहून खोल कारण शोधू नका.

मला रॉयेर आवडतो. पण त्या काळातला फ्रान्स समजून घ्यायला अस्वलापासून सुरुवात केलीत तर फसाल. म्हणून पुढचं पत्र.

आमच्या अभ्यासक्रमात जर्मनीची बाउहाउस ही कलाशाळा, मग थेट डेन्मार्क-फिनलंड, मग इटली. फ्रान्स १९२५ च्या आर्ट डेको या सजावटी शैलीपाशी संपतो. १९४५ नंतर तिथे काही घडलंच नाही का?
*आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, कोल्हापूर*

घडलं, आणि ते घडलं घरं नव्हती म्हणून.

युद्धाआधी फ्रेंच सजावटीचं नाव होतं ते रूलमानसारख्या उंची फर्निचर घडवणाऱ्यांमुळे. मकासर आबनूस, माशाचं चामडं, हस्तिदंताची बारीक जडणघडण. श्रीमंतांसाठी श्रीमंती कारागिरी. याला कंटाळून काही जण १९२९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ‘आधुनिक कलाकारांचा संघ’ काढला. त्यांना यंत्रावर होणारं, सगळ्यांना परवडेल असं सामान हवं होतं. पण गिऱ्हाईक कुठून आणायचं? कल्पना कागदावर आणि प्रदर्शनांत राहिल्या.

मग युद्ध आलं. जर्मन अंमलात ज्यू कुटुंबांची घरं पद्धतशीर रिकामी केली गेली. एकट्या पॅरिसमधली सुमारे ३८,००० घरं. त्यांतली भांडी, पलंग, पियानो, मुलांचे पाळणे आगगाडीने जर्मनीला गेले. फोबूर सें-मार्तँमध्ये लेव्हितान नावाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, मालक ज्यू. ते जप्त करून १९४३-४४ मध्ये त्याच्या मजल्यांवर कैदी ठेवले आणि लुटून आणलेलं सामान निवडून लावायचं काम त्यांच्याकडून करून घेतलं. फ्रेंच फर्निचरच्या सुबक पुस्तकांत हे पान बहुधा नसतं. मी मुद्दाम लिहिते आहे, कारण १९४५ मध्ये ‘माझ्याकडे बसायला खुर्ची नाही’ असं कोणी म्हणालं तर ते अक्षरशः खरं असायचं.

दुसरीकडे बाँबफेक. देशभरात साडेचार लाखांहून अधिक इमारती पार जमीनदोस्त झाल्या आणि त्याच्या कितीतरी पट मोडकळीला आल्या. ल हाव्र हे बंदर १९४४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश विमानांनी भाजून काढलं, सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. त्याच वर्षाअखेरीस फ्रान्सने पुनर्बांधणीचं वेगळं खातं काढलं आणि पुढच्या वर्षी ल हाव्र उभं करायचं काम ओग्यूस्त पेरे या सत्तरी ओलांडलेल्या वास्तुकाराला दिलं. काँक्रीटच्या वापरात त्याची हयात गेली होती. त्याने सगळं शहर ६.२४ मीटरच्या एकाच मापात आखलं. खांबापासून खांबापर्यंत तेच अंतर, मग वर घर असो की दुकान. २००५ मध्ये युनेस्कोने ते शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता तुझा प्रश्न. या नव्या घरांत ठेवायचं काय? जुनं अवाढव्य कपाट त्या दारातून आत जाणार नव्हतं, आणि ते उरलंही नव्हतं. इथे रने गाब्रिएल आणि मार्सेल गास्क्वाँ ही दोन नावं वहीत लिहून घे. गाब्रिएल युद्धाच्या आधीपासून थोड्या लाकडात, सुट्या भागांतून जुळवता येईल असं फर्निचर करायच्या मागे होता. घरदार गेलेल्या कुटुंबांसाठीच त्याने पलंग, कपाटं, टेबलं आखून दिली. १९५० मध्ये तो गेला. पुढे सुबक आणि स्वस्त फर्निचरसाठी त्याच्या नावाने पुरस्कार दिला जाऊ लागला.

गास्क्वाँ स्वतः ल हाव्रचाच. साठवण हा त्याचा ध्यास. सदरा घडी केल्यावर किती रुंद होतो, ताटं रचली तर किती उंच होतात, ही मापं आधी आणि कपाट नंतर. माझ्याकडे त्याची ओकची कपाटं अधूनमधून दुरुस्तीला येतात. खणांना मूठ नसते. फळीलाच बोटं जातील एवढी खाच असते. तेवढाच धातू वाचला, आणि तुटायला काही शिल्लक राहिलं नाही. पाठ प्लायची, पण दर्शनी ओक भरीव. सत्तर वर्षांनंतरही खण एका बोटाने सरकतो. लिलावात त्याला अस्वलाचा भाव येत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला बरंच वाटतं.

पुढच्या पिढीतले बहुतेक मोठे लोक त्याच्या हाताखालून गेले: पिएर ग्वारिश, मिशेल मोर्तिए, जोझेफ-आंद्रे मोत, पिएर पोलँ. यातल्या पहिल्या तिघांनी १९५४ मध्ये एकत्र संस्था काढली आणि कोणाचं नाव पुढे न करता कारखान्यांसाठी फर्निचर आखलं. फ्रेंच माणसाने स्वतःचं नाव मागे ठेवणं, हीच मुळात बातमी!

तुझ्या सरांना सांग, डेन्मार्ककडे सुतारीची अखंड परंपरा होती, तिच्यावर त्यांना पुढे बांधता आलं. फ्रान्समध्ये जुनं आणि नवं यांच्यात मोडकळीस आलेली शहरं होती. म्हणून इथलं काम कधी खडबडीत दिसतं. त्या खडबडीतपणावर माझा जीव आहे.

भोसरीत माझं पत्र्याचं जॉबवर्क आहे. मुलाने जाँ प्रूव्हेच्या खुर्चीचा फोटो दाखवला. पुढचे पाय साध्या नळीचे, मागचे मात्र रुंद आणि फुगीर. दिसायला वेगळं म्हणून केलंय, की त्यामागे काही कारण आहे?
*एक वाचक, पुणे*

प्रूव्हे तुमच्याच धंद्यातला. लोहारकाम शिकलेला, नान्सी शहरात १९२४ मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली, आणि पुढे त्याचा सगळा भर पत्रा वाकवायच्या यंत्रावर होता. पत्रा सपाट असताना लवचीक, त्याला एक घडी घातली की ताठ. हे तुम्हाला मी काय सांगावं.

कारण साधं आहे. माणूस खुर्चीत पुढे वाकून फार वेळ बसत नाही, मागे रेलतो. शेजारचा तर पुढचे पाय उचलून झुलतो. वजन सगळं मागच्या पायांवर येतं, आणि त्यातही आसन आणि पाठ जिथे भेटतात तिथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त. म्हणून मागचा पाय त्या जागी सर्वांत रुंद आणि तिथून वर-खाली निमुळता. आतून पोकळ, वाकवलेल्या पत्र्याचा. पुढच्या पायांना फक्त उभं राहायचं आहे, त्यांना नळी पुरते. जिथे जेवढा भार तिथे तेवढाच माल. ही खुर्ची मूळची १९३४ ची. युद्धात पोलाद मिळेना तेव्हा हीच आकृती पूर्ण लाकडात केली, तेव्हाही मागचा पाय रुंदच ठेवला. नंतर स्क्रू काढून सुटी करता येईल अशी आवृत्ती आली. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या नगांत पत्र्यापेक्षा प्लायचं आसनच आधी दगा देतं; कडा सुटतात, पाणी शिरतं. पाय वाकलेला नग माझ्यापुढे अजून आलेला नाही.

हीच रीत त्याने घरांना लावली. युद्ध संपताना लोरेन भागातल्या बेघरांसाठी त्याने ६ मीटर बाय ६ मीटरची घरं केली. मधोमध वाकवलेल्या पत्र्याची कमान, भोवती लाकडी भिंती. काही माणसांनी दिवसभरात उभारायची आणि हवी तेव्हा उतरवून ट्रकमध्ये टाकायची. १९४७ मध्ये नान्सीजवळ माक्सेव्हिलला मोठा कारखाना झाला. ऑफिसं, शाळा, वसतिगृहं यांची कामं येऊ लागली. पॅरिसजवळच्या आंतोनी इथल्या विद्यार्थी-निवासाच्या खोल्यांसाठी १९५४-५५ मध्ये टेबलं-पलंग केले. ज्या टेबलांवर मुलांनी कर्कटकाने नावं कोरली ती आज लिलावात मोजून मापून विकली जातात. पण कारखान्यात भांडवल घातलेल्या ॲल्युमिनियम उद्योगाशी त्याचं पटेना, आणि त्याआधीच, १९५३ मध्ये, तो स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडला होता. पुढे त्याने कितीतरी चांगली कामं केली. पण आखणारा आणि वाकवणारा एकाच छपराखाली, हे त्याला पुन्हा तसं मिळालं नाही. भोसरीत तुम्हाला ते रोज मिळतं.

मुलाला ती खुर्ची करून पाहायची असेल तर करू द्या. मात्र मागच्या पायाची शिवण आतल्या बाजूला घ्यायला सांगा.

आमचं घर वन बीएचके, माणसं चार. फ्रेंच लोक लहान घरांत कसे राहत होते? त्यातलं काही आपल्याला उचलता येईल का?
*एक वाचिका, डोंबिवली*

तुम्हाला शार्लोत पेरियाँची ओळख करून देते. १९२७ मध्ये ती ल कॉर्ब्युझिए या नामवंत वास्तुकाराच्या कचेरीत शिरली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पहिल्या भेटीत त्याने ‘आम्ही इथे उशांवर भरतकाम करत नाही’ असं म्हणून तिला दाराबाहेर काढलं होतं, हे तिनेच सांगितलेलं. नंतर तिचं काम पाहून त्यानेच बोलावून घेतलं. नळीच्या खुर्च्या त्या कचेरीतून निघाल्या आणि बरीच वर्षं लोक त्या एकट्या साहेबांच्या नावावर खपवत राहिले. माझ्या कार्यशाळेत कोणी तसं म्हणालं तर मी दुरुस्तीचा दर वाढवते.

१९४० मध्ये जपान सरकारच्या व्यापार खात्याने तिला सल्लागार म्हणून बोलावलं. युद्धामुळे ती तिकडेच अडकली, मग इंडोचायनात राहिली आणि १९४६ मध्ये परत आली. येताना डोक्यात जपानी घर होतं: सामान भिंतीत, जमीन मोकळी.

मार्सेयला ल कॉर्ब्युझिएने ३३७ घरांची जी प्रचंड इमारत केली, १९४७ ते १९५२, तिथल्या स्वयंपाकघराच्या आखणीत पेरियाँ होती. त्या घरांची रुंदी किती माहीत आहे? ३.६६ मीटर. म्हणजे बारा फूट. एवढ्यात चार-पाच जणांचं कुटुंब. स्वयंपाकघर बंद डबा न करता बैठकीकडे उघडं ठेवलं, मधे फक्त दोन्हीकडून उघडणारं बुटकं कपाट. ताटं अलीकडून ठेवायची, पलीकडून काढायची. रांधणारी बाई घरापासून तुटत नाही. बाहेरच्या मार्गिकेतून दूधवाला किंवा बर्फवाला दार न वाजवता माल ठेवू शकेल असा खणही भिंतीत होता. १९५४ च्या फ्रेंच शिरगणतीत दहा घरांपैकी जेमतेम एका घरात अंघोळीची सोय होती आणि साधारण चारांपैकी एकाच घरात संडास आत होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या बारा फुटांची चैन कळेल.

पॅरिसच्या विद्यार्थीनगरात १९५२ मध्ये ट्युनिशिया आणि मेक्सिको यांच्या वसतिगृहांसाठी तिने जी पुस्तकांची मांडणी केली, ती तर पाहावीच. लाकडी फळ्या, मधे प्रूव्हेच्या कारखान्यात वाकवलेले रंगीत पत्र्याचे खण. मेक्सिकोच्या खोल्यांत हीच मांडणी पडदी म्हणून उभी आहे, एकीकडे पलंग, दुसरीकडे तोंड धुवायची जागा. भिंत बांधायचा खर्च वाचला, वर पुस्तकं राहिली.

उचलण्यासारखं हे: खोलीच्या मधोमध उभं राहणारं काहीही घेऊ नका. एका लांब भिंतीला बसण्याच्या उंचीचा सलग बाक करा, खाली ओढते खण, दिवसा बैठक आणि रात्री एकाची झोप. स्वयंपाकघराची भिंत पाडता येत असेल तर छातीच्या वरचीच पाडा आणि तिथे दोन्हीकडून उघडणारं कपाट बसवा. आपल्याकडे फोडणीचा धूर असतो, तेव्हा पंखा आधी. आणि सुताराला आकडे द्या. तुमचा कुकर, तुमचं पिंप, तुमच्या साड्यांची घडी मोजून. सुतार ‘स्टँडर्ड साइज’ म्हणू लागला की त्याला चहा द्या आणि टेप पुन्हा हातात ठेवा.

तुम्ही म्हणता ते सगळं छान. पण सामान्य फ्रेंच माणूस खरंच असल्या घरात राहत होता का? माझा अनुभव सांगतो, लोकांना नक्षीच हवी असते.
*निवृत्त शिक्षक, बेळगाव*

गुरुजी, नेम बरोबर लागला. १९५० च्या सुमारास साध्या फ्रेंच जेवणघरात ‘आंरी द्वितीय’ थाटाचं बुफे, म्हणजे ताटं-भांडी ठेवायचं भलंथोरलं कपाट असायचं. सोळाव्या शतकातल्या राजाचं नाव आणि एकोणिसाव्या शतकातली नक्कल. गोल पिळाचे खांब, कोरलेले मुखवटे, काळपट पॉलिश. लग्नात घ्यायचं, मुलांना ठेवायचं. ल हाव्रमध्येही पेरेच्या सरळ रेषांच्या घरात काहींनी गावाकडून असंच बुफे आणून ठेवलं. गास्क्वाँची कपाटं मुख्यतः शिकलेल्या मध्यमवर्गाने घेतली.

साध्या घराचं तोंड पालटलं ते फॉर्मायकाने. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो तेच. नळीचे पाय, वर पिवळा नाहीतर आकाशी फॉर्मायका, फडक्याने पुसलं की लख्ख. पॅरिसच्या ग्रां पालेमध्ये दर वर्षी गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरायचं. युद्धात बंद पडलेलं हे प्रदर्शन १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि पन्नाशीच्या दशकात त्याला वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक जाऊ लागले. तिथे फ्रिज, धुलाई यंत्र आणि नव्या फर्निचरने सजवलेल्या खोल्या एकाच फेरीत दिसत. लोक फ्रिजसाठी जात आणि खुर्ची बघून येत. १९६८ मध्ये प्रिझ्युनिक या स्वस्त दुकानसाखळीने टपालाने मागवायचं फर्निचर काढलं, तेव्हा कुठे नामवंतांनी आखलेलं टेबल सामान्य घरात आलं. आणि तोवर बुफे माळ्यावर गेलं होतं. आता तेच बुफे लोक मला पांढरा रंग मारून मागतात. मी देत नाही.

पंचकुलात राहते. माझे यजमान चंदीगडच्या सरकारी कचेरीत होते. तिथल्या वेताच्या खुर्च्या भंगाराच्या भावात गेल्या आणि आता म्हणे पॅरिसमध्ये लाखोंना विकतात. हे खरं का?
*एक वाचिका, हरियाणा*

खरं आहे. एवढंच नाही, त्यातल्या काही माझ्याकडे वेत बदलायला येतात. सांगलीच्या बाईने मॉन्त्रेयमध्ये बसून चंदीगडच्या कारकुनाची खुर्ची विणायची, म्हणजे बघा.

त्या पिएर जानरेच्या. ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ, जन्म जिनिव्हाचा, कारकीर्द पॅरिसची. पेरियाँबरोबर त्याच कचेरीत होता. १९५१ मध्ये तो चंदीगडला आला आणि चुलतभाऊ वर्षातून काही आठवडे डोकावत असताना हा १९६५ पर्यंत तिथेच राहिला. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहं, सगळीकडे लागणारं सामान त्याने आणि यूली चौधरींसारख्या भारतीय सहकाऱ्यांनी आखलं. सागवान आणि वेत, दोन्ही देशातच मिळणारं. पाय उलट्या व्ही आकाराचे. एकाच कारखान्यात न होता बऱ्याच छोट्या सुतारांकडे कामं वाटली गेली, म्हणून एका मापाच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तरी हाताची जाडी वेगळी निघते. जानरे १९६७ मध्ये जिनिव्हात गेला. त्याच्या अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे सुखना तलावात विसर्जित झाल्या; तुम्ही फिरायला जात असाल तिथेच.

मोडक्या खुर्च्या कचेऱ्यांनी ढिगाने लिलावात काढल्या, पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून त्या उचलल्या. २०११ मध्ये केंद्राच्या गृहखात्याने अशा सामानाच्या विक्रीवर आणि ते बाहेर नेण्यावर बंदीचा आदेश काढला. यजमानांना व्यापाऱ्यांचा राग असेल तर माझी हरकत नाही. पण अर्धा राग मी ज्यांनी त्या खुर्च्या गच्चीवर पावसात रचल्या त्यांच्यासाठी राखून ठेवीन.

घरी एखादी असेल तर तिच्या पाठीमागचा कचेरीचा रंगवलेला क्रमांक घासू नका. त्यावरून ती कुठली ते कळतं. अर्थात हल्ली नकली खुर्च्यांवरही क्रमांक रंगवलेले असतात. तेव्हा खालून पाहा, जुन्या सागवानावर वेताच्या भोकांभोवती हाताने केलेल्या कामाचा थोडा वाकडेपणा असतो.

तीन काळे हात असलेला उंच दिवा ऑनलाइन आठ हजारांत दिसतो. अस्सल आहे का?
*एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

नाही. मूळ सर्ज मुयचा, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. तो चांदीकाम शिकलेला, म्हणून दिव्याच्या टोप्या हातोडीने ठोकून घडवायचा. बाहेर काळ्या, आत पांढऱ्या, सांध्याला पितळ. आठ हजारांचा घ्या, उजेड तोच पडतो. फक्त सांधा आधी हलवून पाहा, दोन महिन्यांत हात लोंबायला लागतो.

मुलीने पिएर पोलँच्या धर्तीची स्पंजची गोल खुर्ची घेतली. उठताना माझे गुडघे बोलतात.
*एक वाचक, वर्धा*

त्या खुर्च्या विशी-तिशीतल्यांसाठी. पोलाद नळीचा सांगाडा, त्यावर रबरी फोम, आणि पोहण्याच्या कपड्यांसारखं ताणणारं कापड मोज्याप्रमाणे एका तुकड्यात चढवलेलं. १९६० ची युक्ती आहे आणि फार हुशार युक्ती आहे. अध्यक्ष पाँपिदू यांनी १९७१ मध्ये एलिझे राजवाड्यातल्या आपल्या खासगी खोल्या पोलँकडून सजवून घेतल्या. पुढच्या अध्यक्षांनी त्यातलं बरंचसं काढून टाकलं, जेवणघर तेवढं राहिलं. तुमच्यासाठी हात असलेली, आसन अठरा इंच उंच अशी साधी खुर्ची. मुलीला माझं नाव सांगा.

जूनमध्ये लेकीकडे पॅरिसला येतोय. यातलं काय, कुठे पाहता येईल? जावई संग्रहालयाला फारसा तयार नाही.
*एक दांपत्य, पनवेल*

र्यू द रिव्होलीवर सजावटीच्या कलांचं संग्रहालय आहे, लूव्हरला चिकटून. जावयांना लूव्हरच्या रांगेत उभं करा आणि तुम्ही दोघं इथे या. रॉयेरने स्वतःची सगळी कागदपत्रं आणि चित्रं याच संग्रहालयाला दिली.

जावयांसाठी मेट्रो. काही स्थानकांवर रंगीत, एकेकट्या वाटीसारख्या खुर्च्यांची रांग दिसेल. सत्तरीच्या दशकातलं मोतचं काम. तोच गास्क्वाँच्या हाताखालून गेलेला. बसून पाहा: पाठीला जेमतेम आधार, गाडी येईपर्यंत पुरेसा.

मार्सेयच्या त्या इमारतीत छोटं हॉटेल आहे, एक रात्र राहता येतं आणि गच्चीवर जाता येतं. पण एकच दिवस असेल तर ल हाव्र. सें-लाझार स्थानकातून आगगाडीने दोन तासांच्या आसपास. तिथे पेरेच्या इमारतीतलं एक घर त्या काळच्या सामानानिशी मांडून ठेवलं आहे. गाब्रिएल आणि गास्क्वाँची कपाटं, सरकत्या भिंती, गरम हवेची झडप, ओट्यावर त्या वेळची भांडी. एकटंदुकटं आत सोडत नाहीत, वाटाड्याबरोबरच फिरवतात, तेव्हा लेकीला आधी नोंदणी करायला सांगा. खण ओढून पाहायची परवानगी मागा. नाही म्हणाले तरी वाकून खाच नक्की बघा.

वेताच्या विणकामाबद्दल आणि सागवानाच्या किडीबद्दल आलेली पत्रं पुढच्या अंकात घेते. किडीचे फोटो पाठवताना शेजारी नाणं ठेवा, म्हणजे भोकाचं माप कळतं.